मेंढरू गरीब, मग एडका असा का?



येत्या रविवारी आगमनकाळ सुरू होत आहे. नाताळ गोठ्याची तयारी करणाऱ्या आम्हा मंडळींना गेले पंधरा दिवस मुले एकच प्रश्न विचारत आहेत : "यंदा गोठ्यात खरेखुरे कोकरू असणार ना?" या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर देऊन भागणार नाही. कारण मागे जे घडले ते बहुतेकांना ठाऊक आहे, आणि त्यात चूक आमची होती.

दोन वर्षांपूर्वी भातकापणी झाल्यावर धनगरांचा वाडा आपल्या शेतांत उतरला होता. त्यांच्याकडून आम्ही पंधरा दिवसांचे एक कोकरू विकत घेतले. ते नर होते. गोठ्यात ते फार शोभून दिसले. मुलांनी त्याला बाटलीने दूध पाजले, गळ्यात घंटा बांधली, 'राजा' असे नाव ठेवले. नाताळ संपला, तीन राजांचा सण झाला, गोठा उतरवला. पण राजाला परत पाठवायला कोणाचेच मन होईना. तो चर्चच्या आवारातच वाढला. शाळेतून आलेली मुले त्याच्या कपाळाला तळहात लावून ढकलत, तोही डोके लावून उलट ढकली, आणि आम्ही मोठी माणसे कौतुकाने पाहत उभी राहत असू.

पुढच्या ऑक्टोबरात, संध्याकाळच्या जपमाळेसाठी आलेल्या एका वृद्ध मावशींना राजाने मागून धडक दिली. मावशी पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. आम्ही त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "मेंढरू गरीब म्हणतात ना रे? मग हे असं कसं झालं?"

त्या वेळी आम्हाला उत्तर देता आले नाही. नंतर आम्ही धनगर बांधवांना विचारले, पशुवैद्यांना विचारले, मिळाले ते वाचले. त्यातून जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

नावापासून सुरुवात

आपण 'मेंढरू' म्हणतो तेव्हा नर की मादी याचा विचारच करत नाही. मादी ती मेंढी, नर तो मेंढा किंवा एडका. अनेकवचनात 'मेंढ्यांना' म्हटले की घोळ होतो, म्हणून या लेखात नराला आम्ही एडकाच म्हणणार आहोत.

आपल्या शेतांत येणारा कळप बहुधा दख्खनी जातीच्या काळ्या मेंढरांचा असतो. त्यात शंभर डोकी असली तर मोठे एडके दोन-चार असतात. बाकी सगळ्या मेंढ्या आणि त्यांची पिल्ले. बहुतेक नर कोकरे लहानपणीच विकली जातात, कारण तीस-चाळीस मेंढ्यांना एक एडका पुरतो. म्हणजे आपण ज्याला 'मेंढरांचा स्वभाव' म्हणतो तो बव्हंशी मेंढ्यांचा स्वभाव असतो. एडक्याचा स्वभाव जवळून पाहण्याची वेळ आपल्यावर सहसा येतच नाही.

खेळण्यातला फरक

हा फरक फार लवकर दिसू लागतो. दोन-तीन आठवड्यांची कोकरे संध्याकाळी एकत्र खेळू लागली की नीट पाहावे. माद्या पिल्ले जास्त करून उड्या मारतात, चारही पाय उचलून बागडतात, धावतात. नर पिल्ले एकमेकांना ढुशा देतात, एकमेकांच्या पाठीवर चढू पाहतात. माद्या ढुशा देतच नाहीत असे नाही, पण प्रमाण खूपच वेगळे असते.

नर पिल्लांना हे कोणी शिकवलेले नसते. आईच्या पोटात असतानाच नराच्या शरीरात तयार होणारे संप्रेरक त्याच्या मेंदूची घडण थोडी वेगळी करते. जन्मानंतर सहा-आठ महिन्यांत तो वयात येतो तेव्हा तेच संप्रेरक पुन्हा वाढते आणि खेळातली ढुशी खरी धडक होते. ढुशीचा खेळ म्हणजे त्याच्या पुढच्या आयुष्याची तालीमच असते. मुलांनी राजाच्या कपाळाला हात लावला तेव्हा त्यांना वाटले, आपण त्याचे लाड करतो आहोत. राजाला मात्र तालमीसाठी जोडीदार मिळाला होता.

मेंढीचे जग

मेंढीचे आयुष्य तिच्या आईपासून सुरू होते आणि बरेचसे आईजवळच जाते. मोकळ्यावर राहणाऱ्या मेंढरांत लेक मोठी झाली तरी बहुधा आईच्याच चराऊ पट्ट्यात राहते. आजी, आई, लेक आणि तिची पिल्ले असा गोतावळा एका रानात चरत असतो. गवत कुठे आहे, पाणी कुठे आहे, वादळात आडोसा कुठे मिळतो हे ज्ञान असे एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

गाभण मेंढी सुमारे पाच महिन्यांनी वितेते. वेळ जवळ आली की एरवी कळप न सोडणारी मेंढी शक्य झाल्यास बाजूला जाते. पिल्लू बाहेर पडताच ती त्याला चाटू लागते. या चाटण्यात फार मोठे काम होत असते. फ्रान्समध्ये तूर शहराजवळ नुझिली येथील संशोधन केंद्रात अनेक वर्षे याचा अभ्यास झाला आहे. प्रसूतीच्या वेळी मेंढीच्या मेंदूत असा बदल होतो की, एरवी ज्या ओल्या वासाने ती दूर पळेल तोच वास तिला ओढून घेतो. चाटता चाटता साधारण एक-दोन तासांत ती आपल्या पिल्लाचा वास ओळखायला शिकते. त्यानंतर दुसऱ्याचे कोकरू कासेला लागू पाहील तर ती त्याला डोक्याने बाजूला सारते. पुढे दिवसभरात पिल्लाचा चेहरा आणि आवाजही ती ओळखू लागते.

या एक-दोन तासांचे मोल मोठे आहे. जन्मताच कोकरू दूर नेले आणि अर्धा दिवस उलटल्यावर परत आणले, तर पुष्कळदा आईच त्याला जवळ करत नाही. धनगर बाया हे पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून जाणतात. एखादे पिल्लू पोरके झाले की त्याला दुसऱ्या मेंढीच्या वारेच्या ओलाव्याने माखून तिच्यापुढे ठेवण्याची युक्ती जगभरच्या मेंढपाळांना माहीत आहे.

मेंढी भित्री असते हे खरे, पण पिल्लू जवळ असताना तिला पाहावे. कुत्रा जवळ आला तर ती पळत नाही. त्याच्याकडे तोंड करून पुढचा पाय जमिनीवर आपटते. वेळ पडली तर डोक्याने मारतेही. आणि मेंढरांना चेहरे लक्षात राहत नाहीत असे कोणी म्हणत असेल तर तेही खोटे आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले की, मेंढरे इतर पन्नास मेंढरांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवू शकतात. 'मेंढरासारखा मठ्ठ' हे बोलणे आपण आता सोडून द्यायला हरकत नाही.

एडक्याचे जग

एडका वयात येऊ लागला की हळूहळू आईच्या गोतावळ्यातून बाहेर पडतो. मोकळ्यावरच्या मेंढरांत वर्षातला बराच काळ नरांचा वेगळा घोळका असतो. या घोळक्यात थोरला कोण आणि धाकटा कोण हे अंगाच्या आकारावरून आणि शिंगांवरून ठरते. जे एकमेकांना ओळखतात ते दररोज भांडत नाहीत. नुसती मान खाली घातली, खांद्याला खांदा घासला, पुढचा पाय उचलून हलकेच मारला, एवढ्यावर भागते. दोघे बरोबरीचे असले की मात्र टक्कर होते.

टक्कर कशी होते हे सर्वांनी समजून घ्यावे, विशेषतः मुलांनी. एडका आधी मागे सरतो. पाच-दहा पावले मागे जातो, मान खाली घालतो आणि मग धावत येऊन पूर्ण वजनानिशी आदळतो. मागे सरणारा एडका घाबरला असे समजून जो हसतो, तो पुढच्याच क्षणी जमिनीवर असतो.

मेंढी माजावर येते ती दीडेक दिवस. गाभण राहिली नाही तर साधारण सतरा दिवसांनी पुन्हा. ती वेळ ओळखण्यासाठी एडका हवा हुंगत फिरतो, वरचा ओठ दुमडून मान उंच करतो. थंड देशांत दिवस लहान होऊ लागले की हा हंगाम येतो आणि काही आठवड्यांत संपतो. आपल्याकडे दिवसाच्या लांबीत तेवढा फरक पडत नाही. त्यामुळे दख्खनी मेंढ्या चारापाण्याप्रमाणे वर्षात वेगवेगळ्या वेळी माजावर येऊ शकतात. म्हणून "हंगाम नाही, आता एडका शांत असेल" असा हिशेब आपल्याकडे लागू पडत नाही.

हिर्टा बेटावरची नोंद

एडक्याला या ताकदीची किंमत किती मोजावी लागते, हे स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर समुद्रात असलेल्या सेंट किल्डा द्वीपसमूहात फार स्पष्ट दिसते. तिथल्या हिर्टा बेटावर शेकडो वर्षे माणसांची वस्ती होती. जगणे कठीण झाल्यावर उरलेल्या ३६ रहिवाशांनी २९ ऑगस्ट १९३० रोजी बेट सोडले. जाताना त्यांची मेंढरेही हलवण्यात आली. पुढे १९३२ मध्ये शेजारच्या सोए बेटावरची १०७ अर्धरानटी मेंढरे हिर्टावर आणून सोडली. तेव्हापासून ती तिथे मेंढपाळाशिवाय राहत आहेत. त्यांना कोणी चारा घालत नाही आणि त्यांची शिकार करणारे श्वापदही तिथे नाही. १९८५ पासून संशोधक तिथल्या एकेका मेंढराला कानातल्या बिल्ल्यावरून ओळखून त्याची जन्मापासून मरणापर्यंतची नोंद ठेवत आहेत.

तिथे नोव्हेंबरमध्ये हंगाम भरात येतो. एडके चरणे जवळजवळ सोडून देतात. दिवसभर मेंढ्यांमागे धावणे, दुसऱ्या एडक्यांना हुसकावणे, टकरी देणे चालू असते. उन्हाळ्यात अंगावर चढलेली चरबी त्यात संपून जाते. त्याच काळात मेंढ्या मात्र शक्य तेवढे चरत राहतात. मग हिवाळा येतो. गवत संपते, पाऊस आणि वारा थांबत नाही. काही हिवाळ्यांत बेटावरची निम्म्याहून अधिक मेंढरे मरतात, आणि त्यांत प्रौढ एडक्यांचे प्रमाण मेंढ्यांपेक्षा बरेच जास्त असते. तिथे दहा वर्षांपलीकडे जगणारा एडका विरळा. मेंढी मात्र पंधरा वर्षांपर्यंत पोहोचल्याच्या नोंदी आहेत.

१९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या काही नर कोकरांचे खच्चीकरण करून त्यांना कळपात सोडण्यात आले. ती हंगामात टकरींना गेली नाहीत, शांतपणे चरत राहिली, आणि त्यांतली पुष्कळ इतर एडक्यांपेक्षा कितीतरी अधिक वर्षे जगली. म्हणजे एडका जन्मतः दुबळा असतो म्हणून लवकर मरतो असे नाही. त्या काही आठवड्यांची धावपळ त्याला संपवते.

हे वाचल्यावर आम्हाला एडक्याबद्दल राग उरला नाही. तो माजलेला नसतो. त्याच्या अंगात जे आहे ते त्याला चालवते, आणि त्याचा सर्वांत मोठा तोटा त्यालाच होतो.

कोणाच्या मांडीवर वाढला?

मग मावशींचा प्रश्न उरतो. टक्कर देणे एडक्याच्या अंगात असते हे मान्य, पण ती एडक्यालाच द्यायची की माणसाला, हे कोण ठरवते?

याचे उत्तर बाब्राहमच्याच संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मिळते. त्यांनी नुकतीच जन्मलेली कोकरे शेळ्यांना दिली आणि करडे मेंढ्यांना दिली. सावत्र आयांनी ती वाढवली. मोठी झाल्यावर त्यांना आपल्याच जातीच्या जनावरांत सोडले. माद्या एक-दोन वर्षांत आपल्या जातीत रुळल्या. नरांचे तसे झाले नाही. शेळीने वाढवलेला एडका तीन वर्षे मेंढरांत राहूनही शेळ्यांकडेच ओढला जात होता. मेंढीने वाढवलेला बोकड मेंढ्यांकडेच जात होता. लहानपणी 'आपले कोण' हे नराच्या मनात जे ठसते ते पुसता पुसत नाही. मादीचे ठसे त्यामानाने पुसट असतात.

आता राजाकडे पाहा. पंधरा दिवसांचा असताना आम्ही त्याला आईपासून आणि कळपापासून तोडला. माणसांनी त्याला दूध पाजले. माणसांनी त्याच्याशी ढुशीचा खेळ केला. त्याच्या लेखी माणूस हाच त्याचा कळप झाला. कळपात वाढलेला एडका माणसाला बिचकून असतो आणि सहसा दूर सरतो. राजाला ती भीतीच नव्हती. वयात आल्यावर जी धडक त्याने दुसऱ्या एडक्याला द्यायची, ती त्याने त्याच्या कळपातल्या कोणाला तरी दिली. ती मावशींना बसली. मेंढपाळांचा जुना अनुभव हाच आहे की, बाटलीवर एकटा वाढलेला, लाडावलेला एडकाच सर्वांत धोक्याचा.

अपघातानंतर त्याच महिन्यात धनगरांचा वाडा पुन्हा आला. आम्ही राजाला घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हातारे बाबा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "दादा, ह्यो आता मेंढरातला ऱ्हायला न्हाय. तुमी त्याला मानसातला केला. मेंढरात सोडला तरी ह्यो पालाकडंच येनार." तसेच झाले. राजा कळप सोडून त्यांच्या पालापाशी येऊन उभा राही, आणि पालात लहान मुले होती. शेवटी त्यांनी त्याला विकले. कोणाला विकले हे आम्ही विचारले नाही. विचारायचे धैर्य झाले नाही, हे खरे सांगायला हवे.

थोडी सावधगिरी

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. एडका असा आणि मेंढी तशी, म्हणून घरातल्या पुरुषांनी असे वागावे आणि स्त्रियांनी तसे, असा अर्थ कोणी काढू नये. आमच्यातल्या एका सद्गृहस्थांनी हा लेख ऐकून "म्हणजे आम्ही रागावलो तर तो निसर्गच!" असे म्हटले. त्यांच्या पत्नीने त्यांना तिथेच विचारले, "तुम्ही एडका आहात का?" त्यावर आम्हाला अधिक काही लिहिण्याची गरज नाही.

शेवटी, कोकरू पाळणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी काही नियम देत आहोत. आपल्यापैकी काही घरांत शेळ्या-मेंढ्या आहेत, त्यांनी ते जरूर लक्षात घ्यावेत.

१. नर कोकराच्या कपाळाला हात लावून कधीही ढकलू नये. कुरवाळायचे तर हनुवटीखाली किंवा मानेच्या बाजूला कुरवाळावे.

२. पोरके कोकरू बाटलीवर वाढवावे लागलेच, तर त्याला एकटे ठेवू नये. दुसऱ्या कोकरांत ठेवावे, आणि दूध पाजून झाले की माणसाने बाजूला व्हावे.

३. एडका पैदाशीसाठी ठेवायचा नसेल तर पशुवैद्यांकडून वेळेवर खच्चीकरण करून घ्यावे. त्यात त्याचेही हित आहे.

४. मोठ्या एडक्याकडे पाठ करून उभे राहू नये. तो मान खाली घालून मागे सरू लागला तर मुलांनी त्याला चिडवू नये. त्याच्यावर नजर ठेवून कुंपणाच्या किंवा झाडाच्या आड जावे.

५. नुकत्याच व्यालेल्या मेंढीचे पिल्लू, कितीही गोजिरे असले तरी, पहिल्या दिवशी उचलून नेऊ नये.

यंदाचा गोठा

आता मुलांच्या प्रश्नाचे उत्तर. यंदा गोठ्यात कोकरू असेल, पण एकटे नसेल. धनगर बाबांशी आमचे बोलणे झाले आहे. ते एक मेंढी आणि तिचे पिल्लू, अशी दोघांना मिळून चोवीस तारखेच्या संध्याकाळी आणतील. ती स्वतः त्यांच्याच देखरेखीखाली असतील आणि मध्यरात्रीच्या मिस्सानंतर आपल्या कळपात परत जातील. मुलांनी दुरून पाहावे. बाटली नाही, घंटा नाही, नावही ठेवायचे नाही. मुलांना हे थोडे कडू वाटेल याची आम्हाला कल्पना आहे. पालकांनी त्यांना राजाची गोष्ट पूर्ण सांगावी, शेवटासह.

आणि मावशी? त्यांचे मनगट बरे झाले आहे. हा लेख छापण्याआधी आम्ही त्यांना वाचून दाखवला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे त्याने मला आपलंच समजून मारलं." मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "यंदा त्या मेंढीला चारा कोण घालणार? मी घालीन."

घरी बोलण्यासाठी प्रश्न

१. मेंढी आपले पिल्लू कसे आणि किती वेळात ओळखते?

२. हिर्टा बेटावरचे एडके मेंढ्यांपेक्षा लवकर का मरतात?

३. राजाच्या बाबतीत नेमके कोणाचे कुठे चुकले? असे लाड आपण घरात आणखी कोणाचे करतो का?